मधुमेह नाही, तरी घरात ग्लुकोमीटर

मे महिन्यातली दुपार होती. रत्नागिरीहून नणंदेनं पाठवलेली आंब्याची पेटी आदल्या दिवशी गुरुग्रामला पोचली होती आणि मी ओट्याशी उभी राहून आमरसासाठी आंबे पिळत होते. सासरे हिवाळ्यात आमच्याकडे राहून साताऱ्याला परतले, तेव्हा त्यांचं जुनं ग्लुकोमीटर इथंच राहिलं होतं. जेवणाआधी आपलीही साखर बघू म्हणून मी हात पंचाला पुसले, बोटाला टोचलं आणि थेंब पट्टीला लावला. पाच सेकंदांनी पडद्यावर आकडा आला, २१४. तोही जेवणाआधी, सकाळच्या दोन इडल्यांवर चार तास उलटून गेल्यावर.

माझ्या आईला मधुमेह होता. त्यामुळे तो आकडा बघून पोटात गोळा आला आणि मी तशीच खुर्चीत बसले. नवऱ्यानं येऊन एकच विचारलं, "हात धुतले होतेस का?" मग नळाखाली साबणानं हात धुतले, नीट कोरडे केले, दुसऱ्या हाताच्या बोटाला टोचलं. ९४.

आजच्या मीटरला अर्धा ते एक मायक्रोलिटर रक्त पुरतं, म्हणजे टाचणीच्या डोक्याहूनही लहान थेंब. पिकल्या फळाच्या रसात रक्ताच्या कितीतरी पट ग्लुकोज असतं. त्याचा न दिसणारा चिकट थर बोटावर राहिला, तर मीटर रक्ताबरोबर आंबाही मोजतं. जपानमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये हे मुद्दाम तपासून पाहिलं. संत्रं, द्राक्षं, किवी सोलल्यावर निरोगी माणसांच्या बोटांवरचे आकडे भलतेच चढले. स्पिरिटच्या बोळ्यानं पाच वेळा पुसूनही ते पूर्ण उतरले नाहीत, वाहत्या पाण्यानं हात धुतल्यावर मात्र बरोबर आले. सॅनिटायझरचंही तेच. जंतू मरतात, साखर बोटावरच राहते.

त्या दुपारनंतर मी हे यंत्र नीट समजून घ्यायचं ठरवलं. आमच्या सोसायटीत आता मधुमेह नसलेल्या निम्म्या घरांत तरी ते दिसतं. कुणी आईवडिलांसाठी आणलेलं असतं, कुणाला जिमच्या प्रशिक्षकानं सांगितलेलं असतं, कुणी वार्षिक तपासणीत 'बॉर्डरलाइन' ऐकून घाबरून मागवलेलं असतं. ते वापरण्यात काहीही गैर नाही, उलट नीट वापरलं तर फार उपयोगी आहे. पण निरोगी माणसाच्या हातात त्याचं काम वेगळं आहे. आपल्याला मधुमेह आहे की नाही, हे ते सांगत नाही. आपल्या ताटातला आणि दिनक्रमातला कोणता बदल साखरेवर किती फरक पाडतो, ते सांगतं. म्हणजे एकेका आकड्याला धरून बसायचं नाही, दोन आकड्यांमधला फरक बघायचा. पुढचं सगळं याच एका गोष्टीसाठी.

आधी टेप, मग मीटर

काळजी करायला कारण आहे, हे मान्य करूनच सुरुवात करू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या इंडियाब या पाहणीचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. २००८ ते २०२० या काळात देशभरातल्या १,१३,०४३ प्रौढांची तपासणी त्यात झाली होती. मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के निघालं आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांचं १५.३ टक्के. सगळ्यांत वर होता आपला शेजारी गोवा, २६.४ टक्के.

"मी तर बारीक आहे" हे आपलं नेहमीचं समाधान पुण्याच्याच एका डॉक्टरांनी मोडीत काढलं आहे. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच उदाहरणं मांडली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काट्यावर सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या पोटाभोवती आणि आत साठलेली ही चरबी इन्शुलिनचं काम अवघड करते.

म्हणून मीटर विकत घेण्याआधी शिवणाच्या डब्यातली टेप काढा. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशननं भारतीयांसाठी धोक्याची गुणपद्धत तयार केली आहे. त्यात रक्ताचा थेंबही लागत नाही. वय, कमरेचा घेर, शारीरिक हालचाल आणि आईवडिलांचा मधुमेह या चार गोष्टींना मिळून १०० पैकी गुण मिळतात. साठ किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे धोका मोठा. घेर पुरुषांचा ९० सेंटिमीटर आणि बायकांचा ८० सेंटिमीटर झाला की तिथून गुण चढायला लागतात. तुमचे गुण साठ किंवा जास्त असतील, तर पहिला खर्च मीटरवर नको. आधी प्रयोगशाळेत उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी, म्हणजे आपण ज्याला तीन महिन्यांची शुगर म्हणतो ते, करून घ्या. या तपासण्या इथल्या कोणत्याही सेक्टरमध्ये घरी येऊन केल्या जातात. त्यांचे निकाल हातात आले की मग मीटरला अर्थ येतो.

आकड्यावर किती विसंबायचं

प्रयोगशाळेतले उंबरठे माहीत असायला हवेत. साखरेचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. उपाशीपोटी १०० च्या आत साखर असेल तर ठीक. १०० ते १२५ हा उंबरठ्याचा पट्टा आहे (जागतिक आरोग्य संघटना तो ११० पासून धरते). १२६ आणि वर गेली तर मधुमेह. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ टक्के असेल तर उंबरठा आणि ६.५ पासून मधुमेह. आणि लक्षणं नसतील, तर दुसऱ्या तपासणीनं खात्री झाल्याशिवाय डॉक्टर हे निदान पक्कं करत नाहीत.

आता घरच्या मीटरचं बघू. त्याच्या अचूकतेसाठी आयएसओ १५१९७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, २०१३ मध्ये सुधारलेलं. साखर १०० च्या खाली असेल तर १५ मिलिग्रॅम आणि १०० किंवा वर असेल तर १५ टक्के इतकी चूक दोन्ही बाजूंना चालते. तीही शंभरातल्या ९५ वेळा. उरलेल्या पाच वेळा चूक याहून मोठी असू शकते. समजा, तुमची साखर खरोखर ११० आहे. उत्तम चालणारं, मानकात बसणारं मीटरसुद्धा ती ९४ दाखवू शकतं किंवा १२६ दाखवू शकतं. पहिला आकडा बघून तुम्ही निश्चिंत व्हाल, दुसरा बघून तुमची झोप उडेल, आणि दोन्ही वेळा रक्त तेच असेल. इन्शुलिन घेणाऱ्या माणसाला ६० आणि २६० यांतला फरक कळणं जीवनमरणाचं असतं. त्यासाठी हे यंत्र घडलं आहे आणि ते काम ते चोख करतं. ९९ आणि १०१ मधला फरक ओळखणं त्याच्या आवाक्यातलं नाही.

सरकारी आरोग्य कार्यक्रमात तीस वर्षांवरच्या सगळ्यांची पहिली चाळणी ग्लुकोमीटरनंच होते. पण ती चाळणीच. आकडा जास्त आला की माणसाला पुढच्या तपासणीला पाठवतात, तिथंच गोळी सुरू करत नाहीत. घरी आपणही तेवढंच करायचं.

जेवणानंतरच्या आकड्याची आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. प्रयोगशाळा शिरेतलं रक्त घेते, आपण बोटातलं. बोटाच्या केशवाहिन्यांतलं रक्त अजून शरीराला साखर वाटून आलेलं नसतं. शिरेतलं रक्त ती वाटून परत निघालेलं असतं. उपाशीपोटी दोन्हींत फारसा फरक पडत नाही, पण जेवल्यावर बोटाचा आकडा वीस-तीस मिलिग्रॅमनं, कधी त्याहूनही जास्त वर असतो. दोन तासांनी १४० ही सीमा तुम्ही वाचलेली असते, बोटावर १५५ दिसतं आणि घरात चर्चा सुरू होते. ती सीमा शिरेतल्या रक्ताची, आणि साखरेचं पाणी पिऊन केलेल्या तपासणीची आहे, तुमच्या वरणभाताची नाही.

याच कारणानं मीटर पडताळून बघायचं असेल तर ते प्रयोगशाळेत उपाशीपोटीच न्या. शिरेतून रक्त काढल्यावर लगेच, दोन-चार मिनिटांत, बोटाला टोचून आकडा लिहून ठेवा. अहवाल आल्यावर दोन्हींत पंधरा टक्क्यांच्या आत फरक असेल तर मीटर आणि पट्ट्या ठीक आहेत.

बायकांनी इथं एक गोष्ट जोडून करावी, हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. रक्तात तांबड्या पेशी कमी असतील तर मीटर साखर जास्त दाखवतं. लोहाच्या कमतरतेत एचबीएवनसीसुद्धा फुगून येऊ शकतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९–२१ च्या फेरीत, १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे 'बॉर्डरलाइन शुगर'ची धास्ती घेतलेल्या कितीतरी जणींना आधी लोहाची गरज असू शकते. मोठ्या मात्रेत व्हिटॅमिन सी घेणाऱ्यांचाही आकडा काही मीटरवर खोटा चढतो.

गुरुग्रामचं हवामान आणि पट्टीची डबी

चूक बहुतेक वेळा मीटरपेक्षा पट्टीत असते. पट्टीवर ग्लुकोजशी प्रतिक्रिया करणारं विकर असतं. ते उष्णतेनं आणि दमटपणानं मरतं. बहुतेक डब्यांवर ३० अंशांपर्यंतच ठेवा असं छापलेलं असतं. आणि आपण राहतो कुठं? १५ मे २०२२ ला गुरुग्राममध्ये ४८.१ अंश नोंदले गेले. बेसमेंटबाहेर उन्हात उभ्या गाडीच्या आत याहून कितीतरी जास्त होतं. डबी गाडीत राहिली, तर त्या पट्ट्यांवर नंतर विश्वास ठेवू नका. उन्हाळ्यात दुपारच्या बाराला मागवलेली डबी डिलिव्हरीवाल्याच्या पाठीवरच्या पिशवीत तापून येते. सकाळी लवकर किंवा रात्री मागवा, नाहीतर खालच्या औषधाच्या दुकानातून आणा. फ्रीजमध्येही ठेवू नका, बाहेर काढली की पाणी सुटतं. झोपायच्या खोलीतलं कपाट सगळ्यांत बरं. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर नको. एक पट्टी काढली की झाकण लगेच घट्ट लावा. काही पट्ट्या डबी उघडल्यापासून तीन महिन्यांतच वापरायच्या असतात, म्हणून उघडल्याची तारीख डबीवर पेननं लिहून ठेवा.

जानेवारीत उलटा त्रास. धुक्याच्या सकाळी बोटं गार पडतात, थेंब येत नाही, मग आपण बोट पिळतो. पिळल्यावर रक्ताबरोबर पेशींमधलं पाणी बाहेर येतं आणि आकडा बिघडतो. त्यापेक्षा कोमट पाण्यात हात धुवा, पुसून पूर्ण कोरडे करा, हात मिनिटभर खाली सोडून ठेवा. टोचायचं बोटाच्या कडेला, मधल्या गरावर नाही. मध्ये दुखतंही जास्त, आणि दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्याला ते जाणवत राहतं. मीटरसुद्धा फार गार खोलीत चालत नाही, चुकीची खूण दाखवून थांबतं. त्याला आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

कुणी परदेशातून मीटर आणून दिलं असेल तर एकक बघा. ब्रिटनमधलं मीटर ५.४ असं दाखवतं. त्याला १८ नं गुणलं की आपला आकडा मिळतो, ९७.

आणि बोट टोचायचं एक पेन एकाच माणसाचं. सुई बदलली तरी पेनाच्या तोंडावर दुसऱ्याचं रक्त राहू शकतं आणि हिपॅटायटिस बी तेवढ्यावर पसरतो. आमच्या ओळखीच्या एका सोसायटीतल्या मोफत तपासणी शिबिरात एकच पेन रांगेतल्या सगळ्यांना लावताना मी पाहिलं आहे. तिथं 'नको' म्हणून मागं फिरायला अजिबात संकोच करू नका. प्रत्येकासाठी नवी, एकदा वापरून टाकायची सुई मागायचा तुम्हाला हक्क आहे.

ताटाशी प्रयोग

आता खरा उपयोग. अमेरिकेत रिचर्ड बर्नस्टाइन नावाचे एक इंजिनिअर होते, त्यांना लहानपणापासून मधुमेह. १९६९ च्या सुमारास रुग्णालयांसाठी पहिलं रक्तशर्करा मीटर निघालं. त्याचं वजन दीड किलोच्या घरात आणि किंमत साडेसहाशे डॉलर. रुग्णाला ते विकतच देत नसत. बर्नस्टाइन यांची पत्नी डॉक्टर होती, तिच्या नावानं त्यांनी ते मिळवलं. मग दिवसातून अनेकदा मोजायचं, खाण्यात किंवा औषधात एकच गोष्ट थोडी बदलायची, पुन्हा मोजायचं. घरच्या घरी साखर मोजण्याची पद्धत रुजवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. आपल्याला मधुमेह नसला तरी त्यांची ही एकावेळी एकच बदल करायची शिस्त जशीच्या तशी उचलावी.

एक जेवण निवडा. पहिल्या घासाआधी मोजा, पहिल्या घासापासून एक तासानं मोजा, दोन तासांनी मोजा. घड्याळ जेवण संपल्यावर लावायचं नसतं, पहिल्या घासाला लावायचं. तेच जेवण, तेवढंच, आणखी दोन वेगळ्या दिवशी घेऊन तीनही दिवसांचे आकडे शेजारी शेजारी लिहा. तेच जेवण असूनही आकडे पंधरा-वीसनं मागंपुढं झालेले दिसतील. तो तुमच्या मीटरचा आणि शरीराचा नेहमीचा हेलकावा. यापेक्षा मोठा फरक पडला, तरच त्याला फरक म्हणायचं.

मी एकादशीच्या साबुदाणा खिचडीपासून सुरुवात केली. वाटी भरून खिचडी, दाण्याचं कूट बेताचं. तासाभरानं १७१, १६४, १७६. मग एकाच बदलाची शिस्त थोडी मोडून तेवढेच दिवस अर्धी वाटी खिचडी, कूट दुप्पट, आधी काकडीची कोशिंबीर आणि वाटीभर दही. तासाचा आकडा १४० च्या आसपास राहिला. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्याला अडवायला तंतू किंवा प्रथिनं नसतात. हे मला वाचून माहीत होतं. पण स्वतःच्या बोटावर बघितल्यावर आमच्या घरातली उपवासाची पद्धत बदलली, वाचून ती कधी बदलली नव्हती.

दुसरा प्रयोग शतपावलीचा. पोहे खाऊन खुर्चीत बसायचं, आणि तेच पोहे खाऊन पंधरा मिनिटं चालायचं. चालताना पायांचे स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर उचलतात, त्यामुळे तासाचा आकडा बहुतेकांचा उतरतो. नोव्हेंबरात हवा विषारी असते तेव्हा बाहेर जाऊ नका. टॉवरच्या जिन्यानं दोन-तीन मजले वर-खाली करा किंवा घरातच फेऱ्या मारा. आपल्या आजीआजोबांची शंभर पावलं घरातल्या पडवीतच होत असत.

तिसरा प्रयोग क्रमाचा आहे. भाजी, उसळ, कोशिंबीर आधी आणि पोळी-भात नंतर. जेवण तेच. संशोधनात याचा फरक मोजला गेला आहे, तुमच्यावर किती पडतो ते तुम्ही बघा. इथल्या छोले-भटुऱ्यांचा, हिवाळ्यातल्या गजक-रेवडीचा, गणपतीतल्या मोदकांचा असाच पडताळा घेता येईल. मोदक सोडा असं मी म्हणणार नाही. दोन मोदक वरणभाताच्या जागी आणि दोन मोदक वरणभातावर, यांतला फरक बघा एवढंच.

या प्रयोगांत तासाभरानं १५०–१६० दिसलं तरी घाबरून जाऊ नका. अमेरिकेत १५३ निरोगी माणसांना सतत साखर मोजणारे सेन्सर लावून केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ती माणसं दिवसाचा ९६ टक्के वेळ ७० ते १४० मध्ये होती, पण रोज साधारण अर्धा तास १४० च्या वरही जात होती. जेवल्यावर साखर चढणं हा आजार नाही. ती दोन-तीन तासांत खाली येते का, हे बघायचं.

जिममध्ये सांगितलेला पोळी-भात सोडलेला आहार पाळणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. बरेच दिवस पिष्ट बंद ठेवून अचानक लग्नात जेवलात, तर आकडा नेहमीपेक्षा खूप चढतो, कारण शरीराची सवय मोडलेली असते. प्रयोगशाळेत साखरेचं पाणी पिऊन तपासणी करायची असेल, तर आधीचे तीन दिवस नेहमीसारखं पोळी-भातासह जेवावं लागतं ते यामुळेच.

जिथं मीटर खरंच कामाला येतं

दिवाळीनंतर इथं धूर कोंडतो, दम्याचे आणि खोकल्याचे रुग्ण वाढतात, आणि अनेकांना पाच-सात दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या जातात. या गोळ्या साखर चढवतात. सकाळी घेतलेल्या गोळीचा परिणाम दुपारी आणि संध्याकाळी दिसतो, उपाशीपोटीचा आकडा मात्र अगदी सरळ असू शकतो. सकाळी मोजून "ठीक आहे" म्हणणारे इथंच फसतात. तुमचे गुण साठ किंवा जास्त असतील किंवा साखर उंबरठ्यावर असेल, तर या दिवसांत दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी मोजा आणि २०० च्या वर गेलं तर डॉक्टरांना कळवा. गोळी आपण होऊन बंद करू नका. स्टेरॉइड अचानक थांबवणं कधी कधी साखरेपेक्षा जास्त धोक्याचं ठरतं.

सायबर सिटीत रात्रपाळी करणाऱ्यांसाठी 'उपाशीपोटी' म्हणजे सकाळी असा अर्थ नाही. पहाटे चारला कॅन्टीनमध्ये पराठा खाऊन सकाळी आठला मोजलेला आकडा उपाशीपोटीचा होत नाही. आठ तास पोटात पाण्याशिवाय काही नसेल ती वेळ धरा, मग ती दुपारची चार का असेना. तेच जेवण दिवसापेक्षा रात्री साखर जास्त चढवतं. तुमच्या बोटावर हा फरक मोठा दिसला, तर पाळीतलं मुख्य जेवण आधी घ्या आणि मध्यरात्रीनंतर हलकं खा.

चक्कर, थरथर, घाम, अचानक कडाडून भूक यांवर "माझी शुगर लो होते" असं अनेक जण म्हणतात. मीटर इथं न्याय करतं. त्रास होत असतानाच मोजा, साखर खाऊन झाल्यावर नाही. आकडा ८५ आला तर कारण दुसरं आहे, रक्तदाब, झोप, पाणी, घाबरणं यांकडे बघा. ५५ च्या खाली आला, हात धुऊन पुन्हा मोजल्यावरही तसाच आला आणि साखर खाल्ल्यावर बरं वाटलं, तर ते निरोगी माणसात नेहमीचं नाही, तपासून घ्यायलाच हवं. घरात कुणाच्या मधुमेहाच्या गोळ्या असतील, तर चुकून त्या घेतल्या गेल्या नाहीत ना, हेही तेव्हा बघा.

गरोदर बाईनं मात्र घरच्या आकड्यावर काहीच ठरवू नये. तिच्या सीमा वेगळ्या आणि कडक असतात. ज्यांना गरोदरपणात साखर झाली होती आणि बाळंतपणानंतर गेली, त्यांनी प्रयोगशाळेतली तपासणी ठरावीक काळानं आयुष्यभर करत राहायची आहे.

मग केव्हा धावायचं? उपाशीपोटी दोन वेगळ्या सकाळी, हात धुऊन, १२६ किंवा वर आलं तर त्याच आठवड्यात प्रयोगशाळा गाठा. १०० ते १२५ मध्ये वारंवार येत असेल तर महिन्याभरात. कधीही २०० च्या वर गेलं तर लवकर. आणि आकडा २५० च्या वर असून सोबत खूप तहान, सतत लघवी, वजन उतरणं, उलट्या यांतलं काही असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी. शेजाऱ्याच्या डब्यातली मधुमेहाची गोळी, मेटफॉर्मिन, कुठल्याही आकड्यावर घ्यायची नाही.

दंडावर चिकटवायचे सेन्सर आता निरोगी लोकांनाही विकले जातात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मार्च २०२४ मध्ये चिठ्ठीशिवाय घेता येणाऱ्या अशा पहिल्या सेन्सरला मंजुरी दिली. दोन आठवडे लावला तर रात्री आणि जेवणानंतर काय होतं याचं चित्र बोटापेक्षा चांगलं मिळतं. पण त्या कुशीवर झोपलात तर दाबामुळे खोटा कमी आकडा दाखवतो, हे आधी माहीत असू द्या. टोचल्याशिवाय साखर मोजणारी घड्याळं आणि अंगठ्या मात्र घेऊच नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच प्रशासनानं बजावलं की त्वचेला न टोचता साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही.

आणि थांबायचं केव्हा? पन्नास पट्ट्यांची एक डबी निरोगी माणसाला पुरेशी आहे. साधारण महिनाभर प्रयोग करा, वहीत लिहा, जेवणात दोन-तीन बदल पक्के करा आणि मीटर कपाटात ठेवून द्या. प्रत्येक घासाला बोट टोचणारी, आकडा चढला की जेवण टाळणारी, मुलांनाही रोज टोचणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या घरात जेवणाच्या वेळेला भीती बसलेली असते. ती दिसली तर यंत्र बंद करा आणि डॉक्टरांशी बोला. मुलांना डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय टोचूच नका.

वापरलेल्या सुयांचं शेवटचं काम राहतं. त्या ओल्या-सुक्या कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत वापरलेल्या सुया घरगुती घातक कचऱ्यात धरल्या, कारण आपली पिशवी पुढं कुणीतरी उघड्या हातांनी चाचपत असतं. फिनाइलची किंवा कपडे धुण्याच्या द्रावणाची जाड प्लास्टिकची रिकामी बाटली घ्या, सुया आणि पट्ट्या तीत टाका, बाटली तीन चतुर्थांश भरली की झाकण घट्ट बसवून चिकटपट्टी लावा. आमच्या बाटलीवर मी मोठ्या अक्षरांत 'सुइयाँ' लिहिते आणि सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या दादांच्या हातात वेगळी देते. पहिल्यांदा दिली तेव्हा त्यांनी डावा तळहात पुढं करून दाखवला. अंगठ्याच्या मुळाशी टोचल्याचे चार-पाच काळे ठिपके होते.